निळ्या गणवेशातील पिस्तूल कोणाच्या हुकमाचे?

न्यूयॉर्कच्या फर्स्ट ॲव्हेन्यूवर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयासमोर एक लोखंडी कुंपण आहे. रस्त्याने जाणाऱ्या पर्यटकाला ते एखाद्या बागेच्या कुंपणासारखे वाटते. पण या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना घडलेल्या दोन घटना ताडून पाहिल्या, की त्याचे महत्त्व ध्यानात येते.

३ ऑक्टोबर २००२ रोजी एक मध्यमवयीन गृहस्थ हे कुंपण ओलांडून आत शिरला. त्याने खिशातून रिव्हॉल्व्हर काढले आणि सचिवालयाच्या उंच इमारतीच्या दिशेने गोळ्या झाडल्या. उत्तर कोरियातील जनतेच्या हालअपेष्टांकडे लक्ष वेधणारी पत्रके त्याने हवेत उधळली. काही गोळ्या वरच्या मजल्यांवरील कचेऱ्यांत शिरल्या. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेतले. एकही उलट गोळी न झाडता हे प्रकरण मिटले. पुढे त्याच्यावर खटला भरला गेला तो अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात.

दुसरी घटना २ डिसेंबर २०२१ ची. याच रस्त्यावर, पण कुंपणाच्या बाहेरच्या पदपथावर, हातात शॉटगन घेतलेला एक माणूस येरझाऱ्या घालू लागला. बंदुकीची नळी त्याने स्वतःच्याच हनुवटीखाली धरली होती. राष्ट्रसंघाची प्रवेशद्वारे बंद करण्यात आली. आतील सशस्त्र अधिकारी आपापल्या जागी सज्ज राहिले, मात्र त्या माणसाशी बोलणी केली ती न्यूयॉर्क पोलिसांनी. सुमारे तीन तासांनी त्याने शरणागती पत्करली.

दोन्ही प्रसंगांत बंदूकधारी माणूस त्याच आवाराला धोका ठरला होता. मग एकदा आतल्यांनी पुढे व्हायचे आणि एकदा थांबायचे, हे कोणी ठरवले? कमरेला पिस्तूल लावलेल्या, निळ्या गणवेशातील या अधिकाऱ्यांना हुकूम देणारा कोण, त्यांनी चाप ओढला तर जाब विचारणारा कोण, आणि त्यांच्या वरिष्ठाची जबाबदारी कुठे सुरू होऊन कुठे संपते? जगातील कोणत्याही देशाचे नसलेल्या या पहाऱ्याची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे.

जमीन अमेरिकेची, ताबा राष्ट्रसंघाचा

मुख्यालयाचे आवार सुमारे १८ एकरांचे आहे. राष्ट्रसंघ आणि अमेरिका यांच्यात २६ जून १९४७ रोजी झालेल्या मुख्यालय कराराने त्याचे कायदेशीर स्वरूप निश्चित केले. हे आवार म्हणजे अमेरिकेच्या पोटात वसलेला एक स्वतंत्र देश, असा एक लोकप्रिय समज आहे. तो तितकासा खरा नाही. करारानुसार आवारावर ताबा आणि अधिकार राष्ट्रसंघाचा आहे. परंतु करारात अन्यथा म्हटलेले नसेल तेथे अमेरिकेचे केंद्रीय, राज्याचे आणि शहराचे कायदेच तेथे लागू होतात. आवारात घडलेल्या गुन्ह्याची सुनावणीही अमेरिकेच्या न्यायालयातच होऊ शकते. २००२ मधील बंदूकधारी अमेरिकी न्यायाधीशापुढे उभा राहिला तो यामुळेच.

याच कराराने दुसरीकडे अमेरिकेचे हातही बांधले आहेत. सरचिटणीसांची संमती असल्याशिवाय अमेरिकेचा कोणताही अधिकारी, मग तो पोलिस शिपाई असो वा केंद्रीय तपास अधिकारी, आपले अधिकृत काम करण्यासाठी आवारात पाऊल टाकू शकत नाही. अर्थात, अटक टाळू पाहणाऱ्यांचा हा आश्रयस्थान होऊ नये, याची जबाबदारी राष्ट्रसंघाने स्वीकारली आहे. आवाराबाहेरील परिसरात शांतता राखणे हे अमेरिकेचे कर्तव्य आहे आणि सरचिटणीसांनी मागणी केल्यास आत पुरेसे पोलिस पाठवणेही तिला बंधनकारक आहे.

थोडक्यात, बाहेरचा पोलिस बोलावल्याशिवाय आत येऊ शकत नाही आणि आतला अधिकारी बाहेर जाऊन पोलिसी करू शकत नाही. साहजिकच, हल्लेखोर आत शिरल्यापासून पोलिस पोचेपर्यंतची पहिली मिनिटे राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या माणसांवर येऊन पडतात. त्यांच्याकडे शस्त्र असण्याचे कारण हेच आहे.

हे शांतिसैनिक नव्हेत

निळ्या शिरस्त्राणातील शांतिसैनिक आणि मुख्यालयातील हे सुरक्षा अधिकारी यांची गल्लत नेहमी होते. शांतिसैनिक हे भारतासारख्या सदस्य देशांनी पाठवलेले त्यांच्या त्यांच्या लष्करातील जवान असतात. ते शिस्तीच्या दृष्टीने आपल्या देशाच्या लष्करी कायद्याखालीच राहतात. सुरक्षा अधिकारी मात्र राष्ट्रसंघाचे पगारी कर्मचारी असतात. सनदेच्या शंभराव्या कलमानुसार त्यांनी कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत. त्यांची बांधिलकी केवळ संघटनेशी. गणवेशधारी दलात सार्जंट, लेफ्टनंट, इन्स्पेक्टर अशी पोलिसी धाटणीची उतरंड असते. जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी येथील कार्यालयांत, तसेच अदिस अबाबा, बँकॉक, बैरूत व सान्तियागो येथील प्रादेशिक आयोगांतही अशीच दले आहेत. यजमान देशाशी झालेल्या करारानुसार तेथील शस्त्रांचे नियम कमीअधिक बदलतात.

या दलांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाची खरी अडचण वेगळीच असते. त्याच्या हाताखालची माणसे अनेक देशांतून आलेली असतात. कोणी आपल्या देशाच्या पोलिसांत होता, कोणी लष्करात, कोणी तुरुंग खात्यात. प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेल्या सवयी निराळ्या. आपल्याकडे जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी हवेत गोळीबार केल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. अमेरिकेतील बहुतेक पोलिस खात्यांत मात्र हवेत गोळीबार निषिद्ध मानला जातो, कारण वर गेलेली गोळी कुठे ना कुठे खाली येतेच. दोन्ही पद्धतींत घडलेली माणसे एकाच दारावर उभी असतील, तर संकटाच्या क्षणी त्यांनी सारखेच वागावे यासाठी त्यांना एकाच मुशीतून पुन्हा काढावे लागते. या कामात वरिष्ठाची सर्वाधिक शक्ती खर्च होते.

चाप ओढण्याआधीच्या पायऱ्या

बळाचा वापर हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी आणि धोक्याच्या प्रमाणात, हे राष्ट्रसंघाच्या सुरक्षा व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे. अधिकाऱ्याचे नुसते उभे असणे ही पहिली पायरी. मग शब्द, म्हणजे स्पष्ट आवाजातील सूचना. त्यानंतर हाताने अडवणे, मग प्राणघातक नसलेली साधने आणि सर्वांत शेवटी पिस्तूल. स्वतःच्या किंवा इतरांच्या प्राणावर तत्काळ बेतले असेल किंवा गंभीर इजेचा धोका समोर उभा असेल, तरच प्राणघातक बळ वापरता येते. कोणी काच फोडली, फर्निचरची नासधूस केली किंवा सूचना ऐकली नाही, एवढ्यावरून गोळी चालवता येत नाही.

या सूत्रामागे राष्ट्रसंघाचाच वारसा आहे. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीची आचारसंहिता आमसभेने १९७९ मध्ये स्वीकारली. त्यानंतर १९९० मध्ये हवाना येथे भरलेल्या राष्ट्रसंघाच्या परिषदेत बळ आणि शस्त्रे यांच्या वापराबाबतची मूलतत्त्वे संमत झाली. जगभरच्या पोलिस दलांना उद्देशून लिहिलेली ही तत्त्वे राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या दारावर पाळली जात नसतील, तर इतरांना उपदेश करण्याचा नैतिक अधिकार उरणार नाही.

हवाना तत्त्वांतील काही कलमे थेट वरिष्ठांना लागू पडतात. शस्त्रांचा साठा, वाटप आणि हिशेब यांचे नियम असलेच पाहिजेत. गोळी झाडली गेल्यास तिची तातडीने खबर वरिष्ठांना गेली पाहिजे. आपल्या हाताखालील माणसे बेकायदा बळ वापरत आहेत हे वरिष्ठाला ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, आणि तरीही त्याने ते रोखण्यासाठी हातातील उपाय योजले नाहीत, तर जबाबदारी त्याच्यावरही येते. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव तेथे पुरेसा ठरत नाही. उघडउघड बेकायदा हुकूम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा करता येत नाही. आणि मोडण्याची संधी असूनही असा हुकूम पाळणाऱ्याला ‘वरून आदेश होता’ या सबबीखाली सुटता येत नाही.

पाळी सुरू होते तेव्हा

आपल्याकडे बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसलेला रखवालदार सर्वांनी पाहिलेला असतो. ती बंदूक अखेरची कधी साफ झाली, तिच्यातून अखेरची गोळी कधी झाडली गेली, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. सशस्त्र दलाची देखरेख म्हणजे नेमके हे प्रश्न रोज विचारणे.

कोणत्याही शिस्तबद्ध सशस्त्र पहाऱ्यात पाळीची सुरुवात हजेरीने होते. सार्जंट समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे पाहतो: गणवेश, बिल्ला, वायरलेस संच, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चेहरा. रात्रभर झोप न झालेला, घरच्या भांडणातून आलेला किंवा आजारी माणूस शस्त्रासह दारावर उभा करायचा की त्याला दुसरे काम द्यायचे, हा निर्णय तेथेच घ्यावा लागतो. शस्त्र शस्त्रागारातून क्रमांकानिशी मिळते आणि पाळी संपल्यावर क्रमांकानिशीच परत जाते. काडतुसे मोजली जातात. शस्त्र भरणे आणि रिकामे करणे ठरलेल्या सुरक्षित जागीच होते, कारण चुकून गोळी सुटण्याचा धोका याच वेळी अधिक असतो.

प्रत्येक जागेसाठी लेखी सूचना असतात. या दारातून कोणाला सोडायचे, कोणती मोटार तपासायची, धोक्याची घंटा वाजली तर कोणते फाटक बंद करायचे, जागा सोडायची तर कोणाला विचारून, हे सारे त्यात येते. लेफ्टनंट वा इन्स्पेक्टर फेरी मारतो तेव्हा अधिकारी जागेवर आहे का, एवढेच पाहून त्याचे भागत नाही. तो त्याला प्रश्न विचारतो: आता या क्षणी समोरून मोटार अडथळा तोडून आत घुसली, तर तू काय करशील? तुझ्या मागे कोण उभे आहे? गोळी चुकली तर ती कुठे जाईल? न्यूयॉर्कमध्ये या शेवटच्या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. शाळकरी मुलांच्या सहली, राजदूत, पर्यटक आणि कुंपणापलीकडे वाहता रस्ता. आतून सुटलेली गोळी बाहेर पडली, की ती अमेरिकेच्या रस्त्यावर पडते.

नेमबाजीची ठरावीक काळाने होणारी परीक्षा, प्रथमोपचार, शारीरिक क्षमता, आगीच्या वेळची कवायत यांची नोंद ठेवणे हेही वरिष्ठाचेच काम. परीक्षेत नापास झालेल्या अधिकाऱ्याचे शस्त्र जमा करून घेणे त्याला जड जाते. माणसे आधीच कमी असतात आणि दारे तेवढीच. पण नेमक्या अशाच वेळी केलेली डोळेझाक पुढे चौकशीच्या अहवालात येते.

यातील सर्वांत कठीण शत्रू कंटाळा. हजारो माणसे रोज तेच ओळखपत्र दाखवून त्याच दारातून जातात. वर्षानुवर्षे काहीही घडत नाही. म्हणून जागा ठरावीक वेळाने बदलल्या जातात आणि अचानक तपासणी घेतली जाते. ११ डिसेंबर १९६४ रोजी आमसभेत चे गव्हेरा यांचे भाषण सुरू असताना ईस्ट रिव्हर नदीच्या पलीकडून मुख्यालयाच्या दिशेने बझूकाचा गोळा सोडण्यात आला होता. तो पाण्यातच पडला. सगळ्यांचे लक्ष दाराकडे असताना धोका नदीकडून आला.

सप्टेंबरची कसोटी

दरवर्षी सप्टेंबरमध्ये आमसभेच्या उच्चस्तरीय सत्रासाठी १९३ सदस्य देशांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमतात. राष्ट्रप्रमुखांच्या संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसवर, रस्त्यांची न्यूयॉर्क पोलिसांवर आणि आवाराची राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांवर असते. शिवाय पाहुण्यांचे स्वतःचे अंगरक्षक असतातच. इतक्या यंत्रणांची माणसे एकाच दारातून आत येत असताना कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरलेले नसेल तर गोंधळ अटळ.

सप्टेंबर २०११ मध्ये त्याचा प्रत्यय आला. तुर्कस्तानचे तत्कालीन पंतप्रधान रसेप तय्यिप एर्दोआन आमसभेच्या सभागृहाकडे जात असताना त्यांचे अंगरक्षक आणि राष्ट्रसंघाचे सुरक्षा अधिकारी यांच्यात झटापट झाली. त्यात एक सुरक्षा अधिकारी जखमी झाला. पुढे सरचिटणीस बान की-मून यांनी एर्दोआन यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. अशा प्रसंगी मार लागलेल्या आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे आणि त्याच वेळी राजनैतिक संबंध सांभाळणे, अशी वरिष्ठाची दुहेरी ओढाताण होते. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना पेशेवर रक्षक असतानाही प्रकरण धक्काबुक्कीच्या पुढे गेले नाही.

बगदादनंतर बदललेले गणित

राष्ट्रसंघाच्या सुरक्षा विचारात १९ ऑगस्ट २००३ हा दिवस दुभाजकासारखा आहे. बगदादमधील कॅनाल हॉटेल या राष्ट्रसंघाच्या कार्यालयावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळवण्यात आला. विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जणांचा मृत्यू झाला. निळा ध्वज हेच आपले कवच, या श्रद्धेला त्या दिवशी तडा गेला.

फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या समितीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला आणि सुरक्षा व्यवस्था निकामी असल्याचा ठपका ठेवला. मार्च २००४ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सुरक्षा समन्वयक तुन म्यात यांचा राजीनामा मागितला. विखुरलेल्या यंत्रणा एकत्र करून आमसभेने डिसेंबर २००४ मध्ये सुरक्षा विभाग स्थापन करण्याचा ठराव केला. स्कॉटलंड यार्डमधून आलेले सर डेव्हिड व्हेनेस त्याचे पहिले प्रमुख झाले. ११ डिसेंबर २००७ रोजी अल्जिअर्स येथील कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि १७ कर्मचारी मरण पावले. लखदर ब्राहिमी यांच्या समितीने पुन्हा उत्तरदायित्वाच्या त्रुटींवर बोट ठेवले. व्हेनेस यांनी जबाबदारी स्वीकारून २००८ मध्ये राजीनामा दिला.

या दोन अहवालांनंतर ‘कधी निघायचे’ याऐवजी ‘कसे टिकून राहायचे’ असा राष्ट्रसंघाचा दृष्टिकोन झाला. धोक्याच्या ठिकाणीही मदतकार्य सुरू ठेवायचे, तर दारावरचा पहारा अधिक सक्षम हवा, हे ओघानेच आले. २६ ऑगस्ट २०११ रोजी नायजेरियाची राजधानी अबुजा येथे मोटारबॉम्ब घेऊन आलेल्या हल्लेखोराने दोन फाटके तोडून राष्ट्रसंघाच्या इमारतीपर्यंत मजल मारली. वीसहून अधिक बळी गेले. पिस्तूलधारी माणूस कितीही धीट असला, तरी धावती मोटार अडवण्याचे काम अडथळ्यांचे आणि अंतराचे आहे, हा धडा तेथे पुन्हा मिळाला.

काबूलची ती पहाट

सर्वांत कडू धडा काबूलचा. २८ ऑक्टोबर २००९ च्या पहाटे तालिबानच्या हल्लेखोरांनी राष्ट्रसंघाचे कर्मचारी राहत असलेल्या अतिथिगृहावर हल्ला चढवला. त्यांच्या अंगावर पोलिसांचे गणवेश होते. अमेरिकेचे लुई मॅक्सवेल आणि घानाचे लॉरन्स मेफुल या दोन सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुमारे तासभर त्यांना थोपवून धरले आणि त्या अवधीत अनेक सहकाऱ्यांना निसटता आले. राष्ट्रसंघाच्या पाच कर्मचाऱ्यांचा त्या दिवशी मृत्यू झाला. त्यांत हे दोघेही होते.

नंतर एक चित्रफीत उजेडात आली. मॅक्सवेल यांचा मृत्यू हल्लेखोरांच्या नव्हे, तर अफगाण सुरक्षा दलाच्याच गोळीने झाला असावा, अशी शक्यता राष्ट्रसंघाच्या चौकशीत पुढे आली. ज्याच्या भरवशावर लढायचे, त्यालाच आपला माणूस ओळखू आला नाही तर? हल्लेखोर पोलिसांच्या वेशात आणि रक्षक परका, अशा गोंधळात ओळखीची खूण, समान वायरलेस वाहिनी आणि यजमान पोलिसांबरोबरची आगाऊ तालीम यांवर जीव अवलंबून असतो. हल्ला सुरू झाल्यावर या गोष्टी करता येत नाहीत. त्या आधीच्या शांत दिवसांत कोणा वरिष्ठाने कंटाळवाण्या बैठका घेऊन करून ठेवायच्या असतात.

जाब कोणी विचारायचा?

१९४६ च्या विशेषाधिकार व उन्मुक्ती करारानुसार राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांना कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांबाबत न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. भारतानेही १९४७ मध्येच यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याने केलेल्या गोळीबाराला कोणी जबाबदारच नाही का? तसे नाही. हे संरक्षण अधिकाऱ्याच्या वैयक्तिक लाभासाठी दिलेले नाही, असे करार स्पष्टपणे सांगतो. ते न्यायाच्या आड येत असेल आणि संघटनेच्या हिताला बाधा न येता काढून घेता येत असेल, तर ते काढून घेणे हा सरचिटणीसांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही.

मात्र हा निर्णय ज्या कागदांवर होतो, ते कागद दारावरच्या सार्जंटपासून सुरू होतात. कोण कोणत्या जागेवर होता, कोणते शस्त्र त्याच्याकडे होते, त्याची नेमबाजीची परीक्षा कधी झाली होती, त्याने इशारा दिला होता का, वरिष्ठ किती मिनिटांत पोचला, या नोंदी प्रामाणिक असतील तरच निर्दोष अधिकारी वाचतो आणि दोषी सापडतो. त्या नसतील तर उरतो तो केवळ राजनैतिक पत्रव्यवहार.

खासगी सुरक्षा कंपन्यांचे सशस्त्र रक्षक नेमण्याबाबतही राष्ट्रसंघाने २०१२ मध्ये धोरण आखले आणि तो शेवटचा पर्याय मानला. पहारा भाड्याने घेता येतो, उत्तरदायित्व घेता येत नाही, हे त्यामागचे शहाणपण आहे.

मुंबई-पुण्यातून अमेरिकेच्या सहलीला जाणारे अनेक जण आता राष्ट्रसंघाचे मुख्यालयही पाहून येतात. दारात पिशवी तपासणारा, निळ्या गणवेशातील अधिकारी त्यांना हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. त्याच्या कमरेचे पिस्तूल कोणाच्या लक्षातही येत नाही. ते तसेच म्यानात राहावे, यासाठी त्याच्यामागे कोणी तरी रोज हजेरी घेत असतो, काडतुसे मोजत असतो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारत असतो.